स्कॉटिश आडनावावरून क्लॅन कसा शोधायचा: दुकानातल्या तक्त्यापासून पॅरिशच्या वहीपर्यंत

स्कॉटलंडमध्ये किल्ट, म्हणजे पुरुषांचा चौकडीचा घागरा, विकणाऱ्या किंवा भाड्याने देणाऱ्या दुकानांत एक तक्ता हमखास दिसतो. डावीकडे आडनावं, उजवीकडे क्लॅन, म्हणजे एका प्रमुखाला मानणारा घराण्यांचा गट. टेलर? मग तुम्ही कॅमेरन. मिलर? मॅकफार्लेन. विल्सन? गन. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश, आणि टार्टनचं, म्हणजे त्या क्लॅनच्या चौकडीचं, कापड लगेच कात्रीखाली. घरात स्कॉटिश सून किंवा जावई आला असेल, किंवा खापरपणजोबा 'मॅक'वाले होते असं घरात बोललं जात असेल, तर हा तक्ता कधी ना कधी समोर येतोच. आता तर तो इंटरनेटवर फुकट मिळतो.

तक्ता खोटा आहे असं नाही, पण तो पुरावा नव्हे. टेलर म्हणजे शिंपी, आणि शिंपी कुठल्या गावात नव्हता? सोळाव्या शतकात कॅमेरनांकडे 'कुऱ्हाडीवाला काळा शिंपी' नावाचा एक नामांकित लढवय्या होता. त्याच्या वंशजांनी टेलर हे आडनाव लावलं असं परंपरा सांगते. तेवढ्या आधारावर जगभरचे टेलर कॅमेरनांच्या पदरात टाकले गेले. प्रत्येक शिंदे जसा ग्वाल्हेरच्या गादीचा नसतो, तसंच हे.

म्हणून या लेखातला क्रम तक्त्याच्या उलटा आहे. आधी माणूस, मग त्याचं गाव, मग त्या गावची जमीन कुणाची होती, आणि सगळ्यात शेवटी क्लॅन. आडनाव वाट दाखवायला सोबत असतं, निकाल ते देत नाही.

क्लॅन म्हणजे एका रक्ताची माणसं, हा समज आधी सोडा

क्लॅनच्या प्रमुखाचं घराणं एका रक्ताचं असायचं, किंवा तसं सांगितलं जायचं. पण त्याच्या जमिनीवर कसणारे, त्याच्या बोलावण्यावर तलवार घेऊन येणारे, त्याच्या आश्रयाला आलेले, असे शेकडो लोक त्याच क्लॅनचे मानले जात आणि त्यातले बरेच त्याचंच आडनाव लावत. फ्रेझरांबद्दल एक गोष्ट सांगतात. जो कोणी फ्रेझर हे नाव घेईल त्याला प्रमुखाकडून एक 'बोल' पीठ मिळायचं. बोल हे धान्याचं जुनं माप, ओटच्या पिठाचा बोल म्हणजे १४० पौंड. असे 'पिठाचे फ्रेझर' वेगळे ओळखले जात. गॉर्डनांबद्दलही अशीच गोष्ट आहे. दुष्काळी भागात, जिथे शेजारचा क्लॅन कधीही गुरं हाकून नेईल, तिथे १४० पौंड पीठ आणि वर संरक्षण मिळत असेल तर आडनाव बदलणं हा शहाणपणाचा व्यवहार होता.

दुसरी बाब भूगोलाची. क्लॅन म्हटलं की उत्तरेकडचा डोंगराळ हायलँड्स डोळ्यांसमोर येतो. पण १५८७ साली स्कॉटलंडच्या संसदेने बंडखोर टोळ्यांना आवर घालायला कायदा केला, त्यात हायलँड्सबरोबर इंग्लंडच्या सीमेवरच्या बॉर्डर्स भागातल्या क्लॅनांचीही यादी आहे. आर्मस्ट्राँग, एलियट, स्कॉट ही सीमेवरची घराणी अशीच. या दोन पट्ट्यांच्या मधला सखल भाग, म्हणजे लोलँड्स, तिथली शहरं, बंदरं, कोळशाच्या खाणी, सुपीक शेतं, इथे तसल्या अर्थाचे क्लॅन फारसे नव्हतेच. आणि स्कॉटलंडची मोठी लोकसंख्या याच भागातली. तेव्हा शोधाअंती 'कुठलाच क्लॅन नाही' हे उत्तरही येऊ शकतं, आणि ते पूर्णपणे बरोबर असू शकतं. हे आधीच मनाशी धरलं की तक्त्याचा मोह कमी होतो.

पहिली पायरी: आडनाव कुठल्या प्रकारचं आहे ते पाहा

काही आडनावं बापाच्या नावावरून आली. 'मॅक' म्हणजे मुलगा, शेवटचं 'सन' म्हणजेही तेच. मॅकडोनाल्ड, रॉबर्टसन, थॉमसन या गटातले. यातली 'सन'वाली नावं सर्वांत फसवी. विल्यमचा मुलगा तो विल्सन, आणि विल्यम तर देशभर पसरलेले. मुंबईचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते जॉन विल्सन १८०४ मध्ये लॉडर इथे जन्मले. लॉडर दक्षिणेला बॉर्डर्समध्ये, आणि तक्ता ज्या गन क्लॅनचं नाव सांगतो तो उत्तर टोकाच्या केथनेसचा. मधे अख्खा देश. नोंदींचा आधार नसताना त्यांना गन ठरवणं म्हणजे केवळ अक्षरांची जुळवाजुळव.

काही आडनावं जागेवरून. सदरलँड, मरी, गॉर्डन. आपल्या परिचयाचं एल्फिन्स्टन हेही जागेचंच नाव. एडिंबराच्या पूर्वेला ट्रॅनेंटजवळ त्या नावाची जमीन होती, तिच्यावरून ते घराणं ओळखलं जाऊ लागलं. ही लोलँड्समधली उमराव मंडळी, डोंगरातल्या क्लॅनशी त्यांची गल्लत करू नये. जागेच्या आडनावात एक सोय असते, शोध कुठून सुरू करायचा ते नावच सांगतं. पण सावध राहा, त्या जागेहून आलेला कुणीही ते नाव लावू शकत असे, मालकच असला पाहिजे असं नाही.

काही आडनावं धंद्यावरून: टेलर, मिलर, स्मिथ, क्लार्क, भट्टीवाल्याचं बॅक्स्टर. यांच्यावरून क्लॅन ठरत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मॅकइंटायर म्हणजे सुताराचा मुलगा, पण ते मात्र गेलिक भाषेतलं असल्याने निदान हायलँड्सकडे बोट दाखवतं. आणि काही नावं चक्क टोपणनावं. कॅम्बेल म्हणजे वाकड्या तोंडाचा, कॅमेरन म्हणजे वाकड्या नाकाचा. एवढी बलाढ्य घराणी, आणि नाव हे.

दुसरी पायरी: नावाची सगळी रूपं लिहून काढा

'मॅक' पूर्ण लिहिलं की स्कॉटिश आणि नुसतं 'एमसी' लिहिलं की आयरिश, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतील. ते चूक आहे. दोन्ही एकच, लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातावर अवलंबून. जुन्या वह्यांत 'एम' आणि वर एक टिंब किंवा स्वल्पविराम एवढंच असतं. एकाच माणसाच्या लग्नात एक रूप, मुलाच्या बाप्तिस्म्यात दुसरं, थडग्यावर तिसरं, हे नेहमीचं.

उच्चारही फसवतात. जुन्या स्कॉट्स लिपीत एक 'य'सारखं अक्षर होतं. छपाईच्या खिळ्यांत ते नसल्याने त्याच्या जागी 'झेड' घातला गेला. त्यामुळे मेंझीज असं दिसणारं आडनाव स्कॉटलंडमध्ये 'मिंगिस' म्हणतात, आणि डॅलझील हे 'डी-एल'. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने नाव तोंडी सांगितलं असेल आणि ते वहीत सापडत नसेल, तर आधी ही शंका घ्यावी.

त्याहून अवघड म्हणजे भाषांतर झालेली नावं. गेलिक बोलणारा माणूस ग्लासगोच्या गिरणीत कामाला आला की कारकून त्याचं नाव इंग्रजीत 'सोपं' करून टाकायचा. लोहाराचा मुलगा मॅकगोवन, तो स्मिथ झाला. सुताराचा मुलगा मॅकइंटायर, तो राइट. गोऱ्या माणसाच्या वंशातला तो बेन किंवा सरळ व्हाइट. म्हणून एखादा स्मिथ खरोखर हायलँडर असू शकतो. मात्र ते त्याच्या आडनावावरून कळत नाही. १८८१ पासून जनगणनेत गेलिक बोलता येतं का याची नोंद आहे, ती पाहावी. एडिंबरातल्या बिऱ्हाडात राहणारी स्मिथ आजी गेलिकभाषक निघाली तर धागा उत्तरेकडे जातो.

तिसरी पायरी: मागे, एकेक पिढी, आणि उडी न मारता

ज्यांना कामाचा कंटाळा आहे ते इथे थांबतात आणि तक्त्याकडे परततात. पण खरी मजा इथेच आहे, कारण स्कॉटलंडच्या नोंदी फार चांगल्या आहेत.

सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड या सरकारी खात्याचं 'स्कॉटलंड्सपीपल' हे संकेतस्थळ आहे. तिथे शोध घेणं फुकट, मूळ पानाची प्रतिमा पाहायची तर क्रेडिट विकत घ्यावी लागतात. जन्माला १०० वर्षं, विवाहाला ७५ आणि मृत्यूला ५० वर्षं उलटलेल्या नोंदींच्याच प्रतिमा घरबसल्या दिसतात. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर जुन्या बाप्तिस्म्यांची सूची फुकट आहे. आधी तिथे चाचपून मग इकडे पैसे खर्च करावेत. सूचीवर मात्र विसंबू नका, मूळ पान पाहाच.

सुरुवात घरातल्या सर्वांत जुन्या खात्रीच्या माणसापासून करा, आणि त्याचा मृत्यूचा दाखला आधी शोधा. जन्माचा नव्हे, मृत्यूचा. कारण स्कॉटिश मृत्यूनोंदीत मृताच्या बापाचं नाव, धंदा आणि आईचं नाव माहेरच्या आडनावासह असतं. इंग्लंडच्या जुन्या दाखल्यात हे मिळत नाही. समजा, कुणी १८६० मध्ये ८० व्या वर्षी वारला. त्याच्या एका दाखल्यावरून तुम्ही १७८० मध्ये जन्मलेल्या माणसाच्या आईबापांपर्यंत पोहोचता, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यात. १७४६ च्या कलोडनच्या लढाईच्या आसपास, जिथे हायलँड्समधल्या क्लॅनांचं बंड मोडलं गेलं. एका कागदात शंभर वर्षं.

१८५५ हे वर्ष तर भाग्याचं. पहिल्या वर्षी निबंधकांना इतकं काही विचारायला लावलं होतं की ते काम झेपेना. मृत्यूनोंदीत जन्मगाव, या भागात किती वर्षं राहिला, सगळ्या मुलांची नावं आणि वयं. जन्मनोंदीत आईबापांची वयं आणि जन्मगावं, त्यांचं लग्न कधी आणि कुठे झालं. पुढच्याच वर्षी यातलं बरंच काही गाळलं गेलं. थेट पूर्वजाचं १८५५ मध्ये काही सापडत नसेल तर त्याच्या भावंडांचं पाहा. भावाचा १८५५ चा दाखला हा तुमच्या पूर्वजाच्या १८७० च्या दाखल्यापेक्षा जास्त बोलका असतो.

दाखला मिळाला की तीन ठिकाणं नजरेखालून घाला. एक, माहिती देणाऱ्याची सही आणि नातं. मुलाने दिलेली माहिती आणि घरमालकाने दिलेली माहिती यांत फरक आहे. घरमालकाने सांगितलेल्या आईच्या आडनावावर इमारत उभी करू नका. दोन, समास. तिथे दुरुस्तीच्या रजिस्टरचा शेरा असेल तर तो उघडाच. अनौरस मुलाचा बाप न्यायालयात ठरल्याची नोंद बऱ्याचदा तिथे निघते, आणि मग आडनाव एका घराण्याचं, रक्त दुसऱ्याचं, असं चित्र समोर येतं. तीन, बायकांची नावं. स्कॉटिश कायद्यात बाईचं माहेरचं आडनाव लग्नानंतरही पुसलं जात नसे. दाखल्यांवर, मृत्युपत्रांवर, थडग्यांवर ते टिकून असतं. आईकडची बाजू शोधणं त्यामुळे इंग्लंडपेक्षा कितीतरी सोपं.

जनगणना दर दहा वर्षांनी. १८४१ पासून १९२१ पर्यंतच्या खुल्या आहेत. १८४१ ची जरा अडचणीची. पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली, नाती लिहिलेली नाहीत, आणि जन्मस्थान म्हणजे फक्त 'याच परगण्यात की बाहेर' एवढंच. १८५१ पासून जन्माचं पॅरिश लिहिलेलं असतं. आपल्याला हवी ती हीच गोष्ट. पॅरिश म्हणजे चर्चच्या हद्दीतला गावांचा पट्टा, आणि क्लॅनच्या शोधात आडनावापेक्षा त्याची किंमत जास्त.

चौथी पायरी: १८५५ च्या मागे, जिथे वह्या फाटक्या आहेत

त्याआधी नोंदी चर्चच्या. स्कॉटलंडच्या अधिकृत चर्चच्या पॅरिश वह्यांतली सर्वांत जुनी पर्थशरमधल्या एरल गावची, १५५३ ची. पण एरल हा अपवाद. हायलँड्स आणि बेटांवरच्या बऱ्याच वह्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, काही तर एकोणिसाव्यात सुरू होतात. शिवाय कॅथलिक, एपिस्कोपल आणि अधिकृत चर्चमधून फुटून निघालेले पंथ यांच्या नोंदी वेगळ्या. आणि १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता. गरीब घरांनी नोंदच टाळली. त्या दशकात पूर्वज सापडत नसेल तर कारण बहुधा हेच.

नोंदीतली लहान लहान अव्ययं लक्षपूर्वक वाचा. 'अमक्या जागेचा' असं असेल तर तो जमीनमालक. 'अमक्या जागेत' असं असेल तर कूळ. इंग्रजीत ऑफ आणि इन एवढाच फरक, पण घराण्याची सगळी पायरी त्यात कळते. दुकानातली प्रमाणपत्रं सगळ्यांनाच जमीनमालक करून टाकतात.

मुलांना नाव ठेवण्याची एक रीत होती. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, तिसऱ्याला बापाचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं. अंदाज बांधायला ही रीत उपयोगी आहे, पण पुरावा म्हणून वापरू नये. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने आपल्या मुलाचं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेवलं, आपल्या वरिष्ठाच्या नावावरून. त्यात आजोबा शोधत बसलात तर भलत्याच घराण्यात जाल.

चर्चच्या पंचांच्या बैठकांची इतिवृत्तंही आता स्कॉटलंड्सपीपलवर फुकट चाळता येतात. कोण कुणाबरोबर पळालं, कुणाला धर्मादाय शिधा दिला, कोण परगावाहून दाखला घेऊन आला, सगळं त्यात. सूची नसल्याने पानं उलटावी लागतात. एखादी सुट्टी त्यात सहज जाते.

पूर्वज हिंदुस्थानात आले असतील तर

इथे मराठी वाचकाला थोडं झुकतं माप मिळतं. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस विभागात 'एन/३' या मालिकेत आहेत आणि फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पाहता येतात. कंपनीच्या मुंबई फौजेतल्या शिपायांची कागदपत्रं 'एल/मिल/१२' मध्ये. राजाच्या फौजेतल्या शिपायाचे निवृत्तीचे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, 'डब्ल्यूओ ९७' मध्ये. या कागदांत बहुधा शिपायाचं जन्माचं पॅरिश, वय आणि आधीचा धंदा असतो. मुंबईतल्या नोंदीत बाप 'गनर' (तोफखान्याचा शिपाई) एवढंच असेल, तर हा कागद तुम्हाला थेट स्कॉटलंडमधल्या एखाद्या खेड्यात नेऊन सोडतो. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश घराण्यांच्या नोंदी जमवणाऱ्या फिबिस या संस्थेचा फुकट शोधही करून पाहा. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीतले किंवा पुण्याच्या जुन्या दफनभूमीतले दगड वाचता आले तर त्यांवर कधी कधी परगण्याचं नाव कोरलेलं असतं.

एक इशारा. ओळखीचं नाव दिसलं म्हणून भुलू नका. महाबळेश्वरच्या माल्कम पेठेचे सर जॉन माल्कम १७६९ मध्ये जन्मले ते लँगहमजवळ, इंग्लंडच्या सीमेलगत. तक्ता माल्कम म्हणताच मॅककॅलमांकडे, पश्चिम किनाऱ्यावरच्या अर्गाइलला पाठवतो. लँगहम आणि अर्गाइल यांचा संबंध कागदावर दाखवता येत असेल तरच तिकडे जावं.

पाचवी पायरी: पॅरिशवरून क्लॅन

आता तुमच्या हातात एक माणूस आहे, एक पॅरिश आहे आणि जमल्यास शेताचं किंवा वस्तीचं नाव आहे. ते नकाशावर शोधा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडचे जुने नकाशे इंटरनेटवर फुकट आहेत. कलोडनच्या लढाईनंतर, १७४७ ते १७५५ मध्ये विल्यम रॉयने लष्करासाठी केलेला नकाशाही त्यात आहे. पुढे उजाड झालेल्या कित्येक वस्त्या त्यावर दिसतात.

मग प्रश्न एकच: त्या काळी ही जमीन कुणाची? १७९१ ते १७९९ मध्ये प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने आपल्या भागाची माहिती लिहून पाठवली होती. तिला स्टॅटिस्टिकल अकाउंट म्हणतात. जमीनदार कोण, कुठली आडनावं जास्त, लोक कुठली भाषा बोलतात, हे त्यात सहसा मिळतं. कलोडनला मोडलेल्या बंडात सामील झालेल्या प्रमुखांच्या जमिनी सरकारने जप्त केल्या, आणि त्यांतल्या ज्या सरकारने स्वतःकडे ठेवल्या तिथल्या १७५५ च्या सुमाराच्या कुळांच्या याद्या एडिंबराच्या अभिलेखागारात आहेत. मोठ्या घराण्यांची खंडवसुलीची दप्तरंही तिथेच. पूर्वजाचं नाव अशा यादीत सापडलं तर यापेक्षा भक्कम पुरावा नाही. आडनाव काहीही असो, तो त्या प्रमुखाच्या जमिनीवरचा माणूस होता.

आडनाव आणि जागा दोन्ही जुळली, म्हणजे लोहाबर भागातला कॅमेरन किंवा स्पे नदीच्या खोऱ्यातला ग्रँट, तर निर्धास्त असावं. आडनाव जुळलं पण जागा नाही, तर त्या जागेपर्यंतचं स्थलांतर आधी शोधावं. जागा जुळली पण आडनाव नाही, तर तक्ते काढायची वेळ आता आली. त्यांत असतात ते सेप्ट, म्हणजे क्लॅनच्या छत्राखालची वेगळ्या आडनावाची घराणी. बऱ्याच सेप्ट-याद्या एकोणिसाव्या शतकात फुगल्या. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळ्यांना टार्टन नेसवून समारंभ घडवला, आणि त्यानंतर ज्याला-त्याला आपलं टार्टन हवं झालं. कापडवाल्यांनी मग कुणालाच रिकाम्या हाताने पाठवलं नाही. त्यामुळे यादीतला दावा तुमच्या पॅरिशशी जुळला तरच घ्यायचा. आडनावाच्या जुन्या नोंदी हव्या असतील तर जॉर्ज ब्लॅक यांचा १९४६ चा आडनावांचा कोश उघडावा. कुठलं नाव कुठल्या साली कुठल्या गावच्या कागदात आढळतं, ते तो सांगतो.

आडनाव बदललेलं असेल तर: दोन नमुने

मॅकग्रेगरांची गोष्ट माहीत नसेल तर हा शोध भलतीकडे जाऊ शकतो. १६०३ मध्ये ग्लेन फ्रूनच्या लढाईनंतर सहाव्या जेम्सच्या सरकारने मॅकग्रेगर हे नावच बेकायदा केलं. ते लावणाऱ्याला देहान्ताची शिक्षा. लोकांनी कॅम्बेल, ड्रमंड, मरी, ग्रँट, स्टुअर्ट अशी शेजाऱ्यांची नावं घेतली. १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये पुन्हा बसली, आणि कायमची उठली ती १७७४ मध्ये. प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर हाही कॅम्बेल नाव वापरायचा, ते त्याच्या आईचं. बंदी उठल्यावर काहीजण मूळ नावावर परतले, बरेच परतलेच नाहीत. म्हणून बॅल्क्विडर, ग्लेन ऑर्की, रॅनोख या भागांत कॅम्बेल किंवा ड्रमंड सापडला तर पॅरिशच्या वहीत 'उर्फ मॅकग्रेगर' असा शेरा आहे का ते बघाच. कॅम्बेल म्हणून मिरवणारं घर मॅकग्रेगरांचं निघणं, यासारखा विनोद नाही. या दोघांतलं वैर ज्यांना माहीत आहे त्यांना तो जास्त कळेल.

दुसरा नमुना ग्रँट डफ. १७८९ मध्ये बॅन्फ इथे जन्म, बाप जॉन ग्रँट, किनकार्डिन ओनीलचा. आई ईडन जहागिरीच्या डफ घराण्यातली. साताऱ्याला रेसिडेंट होता तोवर तो कागदोपत्री कॅप्टन जेम्स ग्रँट. स्कॉटलंडला परतल्यावर, १८२५ च्या सुमारास आईकडची ईडनची जहागीर त्याला मिळाली आणि आडनावाला डफ जोडलं गेलं. १८५० मध्ये बायकोच्या आजोळची फाइफमधली मालमत्ता आली, तेव्हा कनिंगहॅम हेही चिकटलं. आता तक्ता डफ म्हणजे मॅकडफ असं सांगेल. पण बापाच्या बाजूने तो ग्रँट, आणि डफ आलं ते जमिनीबरोबर. जोडआडनाव दिसलं की आधी मृत्युपत्रं आणि जमिनीची कागदपत्रं पाहावीत. स्कॉटलंड्सपीपलवर १५१३ पासूनची मृत्युपत्रं आहेत, आणि वारसाहक्कासाठी घेतलेल्या नावाचा उगम बहुधा तिथेच मिळतो.

डीएनए चाचणीबद्दल थोडं

'तुम्ही ३२ टक्के स्कॉटिश' असं सांगणारी चाचणी क्लॅन सांगत नाही. त्यासाठी वाय-डीएनए, जो बापाकडून मुलाकडे जातो. म्हणजे चाचणी त्या आडनावाच्या पुरुषानेच द्यायची आणि निकाल त्या आडनावाच्या प्रकल्पातल्या इतरांशी ताडायचा. डोनाल्ड क्लॅनमध्ये हे चांगलं चाललं. प्रमुखांच्या शाखांत एकच वाय-रेषा सापडली. ती नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियन वळणाची असून ११६४ मध्ये मेलेल्या सोमरलेड या मूळ पुरुषापर्यंत जाते असं मानलं जातं. मात्र जुळलं नाही म्हणून तुम्ही क्लॅनबाहेर, असं नाही. पिठाचे फ्रेझर आठवा. कागदपत्रांचं काम संपल्याशिवाय चाचणीवर पैसे घालू नयेत, असं माझं मत आहे.

शेवटची पायरी: टार्टन, चिन्ह आणि क्लॅनच्या संस्थेला पत्र

टार्टन कुठलंही नेसा, कायद्याची आडकाठी नाही. २००९ पासून सरकारी टार्टन नोंदवही इंटरनेटवर आहे, तिथे नमुना आणि त्याचा इतिहास फुकट बघता येतो. बोधचिन्हाचं मात्र तसं नाही. स्कॉटलंडमध्ये कुलचिन्ह हे आडनावाचं नसतं, एका व्यक्तीचं असतं. १६७२ पासून ते लॉर्ड लायन या कुलचिन्हांच्या अधिकाऱ्याच्या न्यायालयात नोंदवलं जातं आणि दुसऱ्याचं वापरणं हा गुन्हा आहे. 'मॅकलाउड कुटुंबाचं कुलचिन्ह' म्हणून मगवर छापून विकतात ते बहुधा प्रमुखाचं खासगी चिन्ह असतं. साध्या सदस्याने पट्टा आणि बक्कल यांच्या वेढ्यातलं प्रमुखाचं शिरोभूषण लावावं, तशी प्रथा आहे.

बऱ्याच क्लॅनांच्या संस्थांकडे वंशावळ बघणारा एक जाणकार असतो, सहसा निवृत्त आणि बिनपगारी. काहींची संग्रहालयंही आहेत, जसं न्यूटनमोरला मॅकफर्सनांचं. प्रमुखच नसलेले क्लॅनही आहेत. ब्यूकॅनन क्लॅनला तीनशेहून अधिक वर्षं प्रमुख नव्हता, २०१८ मध्ये तो मिळाला. पत्र लिहिताना 'आमचं आडनाव अमुक, आमचा क्लॅन सांगा' असं लिहू नका. उत्तर म्हणून तोच तक्ता येईल. सर्वांत जुन्या पूर्वजाचं नाव, जन्माचं साल, पॅरिश, शेताचं नाव, बायकोचं माहेरचं आडनाव, आणि यातली कुठली गोष्ट कुठल्या कागदावरून घेतली, एवढं एका पानात लिहा. प्रश्न असा विचारा: 'अमुक साली अमुक पॅरिशमध्ये ही वस्ती कुणाच्या जमिनीत होती, आणि तिथली कुळांची यादी तुमच्याकडे आहे का?' उत्तर यायला महिने लागतात. तोवर भावंडांचे १८५५ चे दाखले पाहून घ्या.